चार बोटांचे अंतर

माझा भाचा पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर आहे. लग्नाचे वय झालेले आहे. पण गेल्या वर्षी सहा महिने तो स्थळे पाहत होता ती स्वतःसाठी नव्हे, मोटारीसाठी. मोटार जुनीच घेतलेली, पण जात शर्यतीची. दारे दोन, माणसे दोन आणि जमिनीपासून उंची कशीबशी वीतभर. तिच्याबरोबर आलेली चाके त्याच्या मनास येत नव्हती. रोज रात्रीचे जेवण झाले की स्वारी फोनवर चाके पाहत बसे. एकाचा व्यास पटला तर रुंदी पटत नसे, रुंदी जुळली तर आणखीच काही आडवे येई. गोत्र जुळावे आणि नेमकी पत्रिका अडावी, त्यातलाच प्रकार. अखेर दसऱ्याला नवी चाके घरी आली. माझ्या बहिणीने शस्त्रपूजेच्या पाटावरचे हळदकुंकू उचलून त्यांनाही लावले.

दिवाळी उलटल्यावर मला अंबाजोगाईस मुकुंदराजांवर दोन व्याख्याने द्यायची होती. एरवी मी एस.टी.चा माणूस. खिडकीजवळची जागा आणि मांडीवर डबा एवढे मिळाले की मला कुठल्याही वाहनाचे अप्रूप नाही. परंतु भाचा हटून बसला, "मामा, मीच सोडतो तुम्हाला. गाडीलाही जरा रस्ता दाखवायला हवा." त्या आसनात बसणे म्हणजे पाय लांब करून अंघोळीच्या टबात उतरणे. उतरलो!

अहिल्यानगरला, म्हणजे आमच्या पिढीच्या नगरला, चहासाठी थांबलो तेव्हा मी त्याला विचारले, "अरे, पण चाक ते चाक. गोल असले म्हणजे झाले. त्यात सहा महिने पाहण्यासारखे काय आहे?" झाले! त्याने माझी बशी काढून घेतली, आपली बशी शेजारी ठेवली आणि टेबलावर शिकवणी सुरू केली. मी वीस वर्षे वर्गात शिकवतो आहे. तेव्हा कोणी चांगले शिकवले तर ओळखू येते. त्याने चांगले शिकवले.

चाकाची तीन मापे असतात. पहिली दोन, व्यास आणि रुंदी, कोणालाही कळतात. तिसऱ्याचे नाव ऑफसेट, आणि सगळी भानगड त्यात आहे. मोटारीचे चाक ज्या सपाट भागावर बोल्टांनी आवळतात तो भाग चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधोमध असेल, तर ऑफसेट शून्य. तो रस्त्याकडच्या अंगाला सरकलेला असेल तर चाक मोटारीच्या पोटात शिरते. हा ऑफसेट अधिक. तोच आतल्या अंगाला सरकलेला असेल तर चाक बाहेर डोकावते, हा उणा. चाकावर 'ईटी' अशी एका जर्मन शब्दाची अक्षरे आणि पुढे मिलिमीटरचा आकडा असतो तो ह्याचाच. भाच्याची जुनी चाके सहा इंच रुंद आणि ऑफसेट 45. नवी साडेसात इंच रुंद आणि ऑफसेट 35. आता हिशेब पाहा. रुंदी दीड इंच वाढली, तिचा निम्मा वाटा म्हणजे 19 मिलिमीटर प्रत्येक अंगाला गेला. शिवाय ऑफसेट दहाने उतरला, म्हणून सबंध चाक दहा मिलिमीटर बाहेर आले. तेव्हा बाहेरची कड 29 मिलिमीटर बाहेर आणि आतली कड नऊच मिलिमीटर आत. व्यासही सोळाचा सतरा इंच झाला. पण टायरची जाडी त्या मानाने कमी घेतल्यामुळे टायरसकट चाकाची उंची 621 मिलिमीटरवरून 616 वर, म्हणजे होती तेवढीच राहिली. ती राहिली नाही तर वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो.

"आणि हे कशासाठी?" मी विचारले.

"वळणावर गाडी धरून राहते, मामा." मग जरा थांबून म्हणाला, "आणि दिसते छान."

दुसरे कारण खरे, हे मी ओळखले. पण तो प्रामाणिकपणे पुढे म्हणाला, की चाक जितके बाहेर न्यावे तितका आतल्या बेअरिंगवर पिळा वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देते, आणि बाहेर आलेला टायर वरच्या पत्र्याला लागण्याची भीती असते. दुकानदाराने मात्र "बिनधास्त बसेल" म्हणून सांगितले होते. कोणता दुकानदार, हे मी विचारले नाही. बिनधास्त हा शब्द दुकानात फार स्वस्त मिळतो.

नगर सोडले की कड्याजवळ बीड जिल्हा लागतो. आष्टी जाते, मग जामखेडला पुन्हा थोडा नगर जिल्हा, आणि पुढे सौताड्याशी परत बीड. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते, तो धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. आम्ही गेलो तेव्हा नुसती ओल होती. इथून बालाघाटचे डोंगर सोबतीला येतात. सीताफळांचा हा मुलूख. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते योग्यच आहे, कारण दगडातून इतकी गोडी काढणारे झाड दुसरे मी पाहिले नाही. घाटाच्या एका वळणावर गाडी खाली दबली आणि उजव्या अंगाने 'खर्र' असा आवाज आला. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. टायर पत्र्याला लागला होता. दोन माणसे, माझी पुस्तकांची बॅग आणि एक खड्डा, एवढेच निमित्त.

त्यानंतर आम्ही हळू चाललो, आणि हळू चाललो म्हणूनच समोरून येणारे दिसले. ट्रकांमागून ट्रक, ट्रॅक्टरांमागून ट्रॅक्टर. वर बैल, बैलांच्या बाजूला पत्र्याच्या पेट्या, सरपणाची मोळी, हंडे, कोंबड्यांची खुराडी, गोधड्यांत गुंडाळलेली पोरे आणि त्यांच्या आया. कुठे गाडीचे चाक उभे बांधलेले, कुठे सबंध गाडीच उलटी घातलेली. ऊसतोडीला निघालेली माणसे! आम्ही जिल्ह्यात शिरत होतो आणि जिल्हा बाहेर निघाला होता. पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी ही सारी कमी पावसाची गावे. 1972 च्या दुष्काळाने माणसे उखडली ती दरवर्षी उखडतच राहिली. दिवाळीच्या सुमारास निघायचे, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परतायचे. नवराबायकोच्या जोडीला इथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून दोघांच्या नावाने उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. बीड शहराला आगगाडी पोचायला 2025 साल उजाडावे लागले. तोवर ह्या लाखो लोकांचा प्रवास असाच, दुसऱ्यांच्या चाकांवर झाला, आणि अजूनही बहुतेक तसाच होतो.

अंबाजोगाईची व्याख्याने झाली. त्यांच्याविषयी लिहीत नाही. ज्यांनी ऐकली त्यांनी पुरेसे सोसले आहे. तिथले एक प्राध्यापक स्नेही दुसऱ्या दिवशी जेवायला आपल्या गावी, धारूरकडे घेऊन गेले. डांबरी रस्ता संपला तिथे आमची मोटार मुकाट्याने उभी राहिली. पुढे गाडवाट होती, आणि तिच्या तोंडाशीच लिंबाच्या झाडाखाली सुताराचा कारखाना. कारखाना म्हणजे एक छप्पर, एक ठोकळा, पाचसहा वाकस-पटाश्या आणि भिंतीला टेकून ठेवलेले एक जुने लाकडी चाक. सुतारबुवा सत्तरीच्या घरातले. त्यांनी आमच्याकडे पाहिलेच नाही. ते उठून मोटारीपाशी गेले, खाली बसले आणि टायर व पत्रा यांच्या फटीत त्यांनी बोट घालून पाहिले.

"चाक भाईर काढलंय," ते म्हणाले. "बोट जात न्हाई. माणसं बसली की घासणार."

दुकानदाराने सहा महिन्यांत न सांगितलेली गोष्ट म्हाताऱ्याने एका बोटाने सांगितली. भाचा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला तो उठेना.

मग लाकडी चाकाचा पाठ झाला. मधला गोल ठोकळा तो तुंबा. त्यातून निघतात ते आरे. आऱ्यांची टोके ज्या वाकड्या फळ्यांत बसतात ते पुठ्ठे. (पुठ्ठा म्हटले की आपल्याला वहीचे कव्हर आठवते, आपला नाइलाज आहे.) आणि सर्वांवरून लोखंडी पट्टा, ती धाव. लाकूड बाभळीचे. धाव चाकापेक्षा मुद्दाम आखूड करतात. पाच फुटी चाकाचा घेर सुमारे पावणेसोळा फूट. पट्टा शेणकुटांच्या आगीत लाल केला की इंचभर वाढतो, तेवढ्यात तो चाकावर चढवायचा आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आक्रसते आणि सगळे सांधे एका मुठीत आवळले जातात. खिळा नाही, सरस नाही. सुतारबुवांनी चाक आडवे करून दाखवले. ते सपाट नव्हते, बशीसारखे होते. आरे तुंब्यातून किंचित तिरपे बाहेर झुकलेले. "बैल सरळ चालतोय व्हय? ह्या अंगानं, त्या अंगानं झुलत चालतोय. दर पावलाला चाकाला आडवा दणका. सपाट चाक चार दिसांत खुळखुळा हुईल." भाच्याने माझ्याकडे पाहिले. नगरच्या चहाच्या बश्या त्यालाही आठवल्या असाव्यात.

"आणि दोन चाकांतले अंतर कसे ठरवता?" त्याने विचारले.

"ते मी कोन ठरविनार? वाटनं ठरीवलंय."

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आपण रोज 'चाकोरीबद्ध जीवन', 'चाकोरीबाहेरचा विचार' असे लिहितो, पण चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी वाटेत पडलेली खोल रेघ, हे विसरलेलो असतो. काळ्या मातीत पावसाळ्यानंतर ह्या रेघा दगडासारख्या घट्ट होतात. गाडीची चाके त्या दोन रेघांत बरोबर बसली पाहिजेत. बोटभर कमी-जास्त झाले, की एक चाक खाली आणि एक कडेवर. आस वाकतो नाही तर आरा मोडतो. म्हणून पंचक्रोशीतल्या सगळ्या गाड्यांचे माप एक. चाकोरी सोडणे हे शौर्याचे काम आहे असे आपल्याला वाटते. गाडीवानाला ते आरे मोडण्याचे काम वाटते. तसेच 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा'. नळा म्हणजे गाडीखाली लोंबणारे वंगणाचे नळकांडे. शहरात नळाला पाणी येते आणि ही म्हण अर्थावाचून राहते.

परंतु हे चाक भिंतीला टेकलेले होते, हेही सांगितले पाहिजे. सुतारबुवांचा त्या दिवशीचा धंदा निराळाच होता. छपराच्या पलीकडे एक टायरगाडी उभी होती आणि तिचा मालक, तिशीपस्तिशीचा गृहस्थ, वारंवार रस्त्याकडे पाहत होता. संध्याकाळी ट्रक येणार होता. पुष्कळदा टायरगाडी कारखान्याची असते, तोडणीवाल्याने ती भाड्याने घ्यायची, बैल तेवढे त्याचे. ह्याने मात्र चार हंगामांच्या कमाईतून स्वतःची केली होती. मी टायरवरचा आकडा वाचला: 8.00-19. भाचा हसला. त्याच्या शर्यतीच्या मोटारीला सतरा इंची चाक, आणि बैलगाडीला एकोणीस!

हवेचा टायर रूढ करणारा डनलप हा मूळचा गुरांचा डॉक्टर होता, ही मौजेची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1888 साली त्याने बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तो केला. त्याच्या नावाच्या कंपनीने 1936 साली बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला. बैलगाडीला टायर बसला की लोखंडी धावेने रस्ता कापला जाणे थांबते, बेअरिंगमुळे आस कुरकुरत नाही आणि तेच ओझे बैलांना कितीतरी हलके लागते. गुरांच्या डॉक्टराला शोभेल असेच काम. पण हलके लागते म्हणून ओझे तेवढेच ठेवतो कोण? मालवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारने 1965 साली नियम केले. त्यात गाडीवर किती भार घालावा ह्याचे कोष्टक आहे, आणि लोखंडी धावेच्या गाडीला जेवढा भार, त्याच्या दीडपट रबरी टायरच्या गाडीला, असे त्यात मानलेले आहे. लांब आणि तीव्र चढ असेल तर भार निम्मा. त्या कोष्टकातला मोठ्यात मोठा आकडादेखील दोन टनांच्या आत आहे. उसाची टायरगाडी दोन-अडीच टन सहज ओढते. मजुरी टनावर मिळते ना! जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 झाला. बैलगाडीच्या वाहतुकीचे पैसे निराळे, तेही टनावरच. चाकाने वाचवलेला सगळा जोर उसाने भरून जातो.

मी हे गाडीवानाला म्हणालो तेव्हा तो नुसता हसला. त्याची बायको ओट्याशी भाकरी बांधत होती, ती मात्र बोलली. "चाक बदललं तवा म्हनले, बैलाला हलकं झालं. झालं असंल. पर मोळ्या माज्याच डोक्यावरनं चढत्यात की. आदी गाडीवर दोन हात ऊस रचायचा, आता डोक्याच्या वर रचायचा." असे म्हणून ती पुन्हा भाकरी मोजू लागली. नियमांच्या कोष्टकात तिचा रकाना नाही.

त्या दोन लाकडी चाकांचे तुम्ही काय करणार, असे भाच्याने त्या गृहस्थाला विचारले. ती ठेवणार होता. टायरला काट्याची भीती, आणि गावच्या वाटेवर बाभळी दाट. ज्या बाभळीचे चाक, त्याच बाभळीचा काटा दुसऱ्या चाकाला!

आता मुख्य गोष्ट. त्याच्या डाव्या बैलाचा खांदा गेल्या हंगामात सुजून आला होता. उन्हाळाभर तेलहळद केली, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण झाली तेव्हा बरा दिसत होता; पण हात लावला की बैल अजून अंग चोरी. जनावराच्या डॉक्टराने जुवाचा दाब कमी करा म्हणून सांगितले होते. उचल घेतलेली होती, दुसरा बैल घ्यायला पैसे नव्हते, आणि जायचे तर होतेच. म्हणून गाडीचा साटा आसावर चार बोटे मागे सरकवून घ्यायला तो सुताराकडे आला होता.

गाडीच्या आसापुढे ओझे जास्त झाले की ते जुवावर, म्हणजे बैलाच्या मानेवर येते. मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते. चढावर पुढची बाजू उचलते आणि जू बैलांच्या गळ्याला वर ओढते. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते, ती शोधायची. भाच्याने फोन काढला. ओझे दोन टन, आसापासून जुवापर्यंत दहा फूट, सरकवायचे तीन इंच. "मामा, मानेवरचे पन्नास किलो कमी होतात! एकेका बैलाचे पंचवीस." त्याच्या आवाजात, चाकांचा ऑफसेट जुळल्याच्या दिवशी होता तोच उत्साह होता, फक्त ह्या वेळी दिसण्याचा प्रश्न नव्हता.

"आन् उलाळ झाली म्हंजे?" सुतारबुवा म्हणाले. "ऊस लांब असतोय. शेंडा मागं लोंबतोय. फोनमदी शेंडा हाय का?"

फोनमध्ये शेंडा नव्हता. तेव्हा जुन्या रीतीने पाहायचे ठरले. आसाचे बोल्ट सैल केले, पहारीने साटा रेटला, पुन्हा आवळला. प्राध्यापकांच्या घरून ज्वारीची पोती आणली, उसाच्या अंदाजाने काही पुढे, जास्त मागे अशी रचली. बैल सोडलेलेच होते. जू कोणी तरी धरायचे होते. भाचा पुढे झाला, रुमाल दुमडून त्याने खांद्यावर ठेवला आणि जुवाखाली शिरला. दुसऱ्या टोकाला गाडीवान.

"हलकं वाटतंय का?"

"हलके आहे," भाचा म्हणाला. "वर उचलल्यासारखे वाटते."

"मंग लई झालं," सुतारबुवा म्हणाले. "एक बोट पुढं घ्या."

पुन्हा बोल्ट, पुन्हा पहार. तीन बोटे मागे राहिली. गाडीवानाने भाच्याला बाजूला केले, डावा बैल आणला आणि जू त्याच्या खांद्यावर टेकवून हात काढला. बैलाने मान एकदा खाली घातली, एकदा वर केली, आणि उभा राहिला. गडी त्याच्या कानामागे बराच वेळ हात ठेवून होता.

"आनिक अर्धं बोट मागं," तो म्हणाला. "चढाला मी मागं चालतोय. गाडी उलळाय लागली तर पुढचं दांडकं धरायला पळंन. त्याचा खांदा न्हाई धरायचा."

सुतारबुवांना ते पसंत नव्हते. पण गाडी त्याची, बैल त्याचा. त्यांनी पहार उचलली आणि साटा अर्धे बोट मागे रेटला. तेवढ्यात खाली डांबरी रस्त्यावर ट्रकाचा हॉर्न वाजला, बाईने भाकरीचे गाठोडे काखेत घेतले आणि पोरांना हाका मारायला सुरुवात केली.